हसू आवरेना

हसू फुटायला विनोद लागतो, हा गैरसमज ऑगस्ट १९९१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर कसोटी सामन्यात निकालात निघाला. वेस्ट इंडीजच्या कर्टली ॲम्ब्रोजचा उसळता चेंडू हुक करायला जाताना इंग्लंडच्या इयन बोथमचा तोल गेला. स्टंप ओलांडू पाहताना मांडी लागली आणि बेल पडली. संध्याकाळी बीबीसी रेडिओवर समालोचक जोनाथन ॲग्न्यूने त्यावर एक चावट शेरा मारला. शेरा तसा बेताचाच. पण शेजारी बसलेले ७९ वर्षांचे सहसमालोचक ब्रायन जॉन्स्टन त्याला थांबायला विनवत धावफलक वाचत राहिले आणि अखेर आवाज चिरकून नुसती धाप ऐकू येऊ लागली. हसताना छातीचे स्नायू झटक्याझटक्याने श्वास बाहेर ढकलतात, बोलायला हवाच उरत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणानुसार माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत तीसपट अधिक हसतो, तेही बहुतेकदा साध्यासुध्या वाक्यांवर. त्यात हसायची बंदी असेल तर विचारूच नका. शोकसभेत सगळे स्तब्ध उभे असताना कुणाचं पोट गुरगुरतं, दोन मित्रांची नजरानजर होते, एकाचे खांदे गदगदतात, दुसरा रुमाल तोंडात कोंबतो. याला उद्धटपणा म्हणणं अन्यायाचं आहे. जॉन्स्टन यांचं ते ध्वनिमुद्रण आजही मिळतं. ऐकायचंच तर मित्राला शेजारी बसवून ऐका.