संगणकाची किल्ली

परवलीचा शब्द कोणासही सांगू नये, असा उपदेश आम्ही वर्गात कित्येक वर्षे करीत आलो आहो. गेल्या वर्षी आमच्याच एका वडील सहकाऱ्यांनी, ई-मेल खात्याच्या नावाने आलेल्या खोट्या पानावर, तो शब्द स्वहस्ते लिहून दिला. गृहस्थ अत्यंत दक्ष. परंतु त्या रात्री ते उत्तरपत्रिका तपासून थकलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खात्यावरून आम्हां सर्वांकडे पैशांची मागणी आली! त्यांस दोष देणे अन्यायाचे होय. दोष असलाच तर आमच्या उपदेशाचा. मनुष्य थकतो, हे त्याने गृहीतच धरले नव्हते.

याहून भरवशाचा उपाय म्हणजे जुडग्यात अडकविता येईल एवढी इलेक्ट्रॉनिक किल्ली. ती संगणकास जोडून बोटाने स्पर्श करावयाचा. तिच्यातील गुपित कधीच बाहेर पडत नाही. संकेतस्थळाने विचारलेल्या प्रश्नास ती त्या गुपिताच्या बळावर सही करून उत्तर देते. आणि खरी खुबी पुढेच आहे. ज्या पत्त्यावर तिची नोंदणी झाली, तेथेच ते उत्तर चालते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला, तर मनुष्य फसेल, किल्ली फसणार नाही. मोबाइलवरील ओटीपीस हा गुण नाही. तो आपण ठकाच्या पानावरही तितक्याच भोळेपणाने लिहितो.

गूगलने २०१७ च्या आरंभी आपल्या सेवकांस ही किल्ली सक्तीची केली. त्यांची संख्या ८५,००० हून अधिक. तरी त्यानंतर एकाचेही कामाचे खाते अशा ठकबाजीने गेले नाही, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले. २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीतील तिघांनी खोट्या पानावर परवलीचे शब्द दिले. किल्लीवाचून चोरांस प्रवेश मिळाला नाही. ही मंडळी तर या विद्येतच मुरलेली!

किल्ली स्वस्त नाही, आणि एक हरवेल म्हणून दोन घ्याव्या लागतात, हे खरे. परंतु नव्या मोबाइलांत ‘पासकी’ या नावाने हीच युक्ती विनामूल्य मिळते. पालकांनी आरंभ आपल्या ई-मेलपासून करावा; इतर बहुतेक खात्यांची वाट तेथूनच जाते.

मात्र किल्ली जपावी लागते. आयकराच्या कामी लागणारी डिजिटल सहीची टोकने आम्ही एका कचेरीत पाहिली : दहा-बारा जणांची, एकाच खणात, आणि प्रत्येकास पिनाची चिठ्ठी रबराने बांधलेली! कुलूप लावून किल्ली त्यालाच टांगण्याचा हा प्रकार.

आमच्या सहकाऱ्यांनी आता दोन किल्ल्या घेतल्या आहेत. एक त्यांच्या खिशात असते. दुसरी कोठे आहे, ते फक्त त्यांच्या पत्नीस ठाऊक.