आग्र्याचे रुग्णालय आणि दक्षिणेचा किनारा

संपादक महाशयांस,

लंकेत ‘दितवा’ चक्रीवादळानंतर महियांगणय येथे आपल्या फौजेने उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाची मुक्तकंठाने स्तुती करणारा आपला अग्रलेख वाचला. त्या पथकाच्या कर्तबगारीविषयी दुमत नाही. परंतु वादळ लंकेवर आदळले ते २८ नोव्हेंबर २०२५ रोजी आणि तंबू, शस्त्रक्रियेची सामग्री व सत्तरांहून अधिक माणसे घेऊन विमान आग्र्याहून निघाले ते २ डिसेंबरास, या चार दिवसांचा त्या साऱ्या गौरवात साधा उच्चारही नसावा, याचा विषाद वाटतो. ढिगाऱ्याखालून निघालेल्या रक्तबंबाळ मनुष्याच्या लेखी पाचव्या दिवशीच्या शल्यवैद्याची मातब्बरी ती काय?

आग्र्याहून कोलंबो सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर. आमच्या तंजावरच्या हवाई तळावरून जेमतेम सव्वाचारशे. या तळावर २०२० पासून सुखोई विमानांचा ताफा तैनात आहे, मग औषधांच्या पेट्यांनाच तेथे जागा का नसावी? विमानाला दोन-तीन तासांचा काय तो फरक, विलंब होतो तो परवानग्यांत, असे दिल्लीचा एखादा अंमलदार म्हणेल. म्हणो बापडा. प्रश्न केवळ तासांचा नाही, एकाच तळावर विसंबण्याचा आहे. २०२३ साली तुर्कस्तानात इस्केंदेरुन, २०२५ च्या भूकंपानंतर म्यानमारात मंडाले आणि आता लंका, या तिन्ही ठिकाणी धावून गेले ते आग्र्याच्या छत्रीधारी दलाचेच वैद्य. ज्या आठवड्यात लंका बुडाली त्याच आठवड्यात इकडे कावेरीच्या खोऱ्यात संबा भाताची उभी शेते पाण्याखाली गेली होती; वादळाने आपला सारा जोर याच किनाऱ्यावर काढला असता, तर ते विमान कोणाकडे वळवले असते?

हे भय काल्पनिक नव्हे. २००४ च्या जुलैत शाळेच्या आगीत आमच्या कुंभकोणमची ९४ मुले गेली आणि त्याच डिसेंबरात नागपट्टणम जिल्ह्यातून समुद्राने सहा हजारांवर माणसे नेली. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वराच्या वाटेवर जागोजाग छत्रे बांधून तेथे अन्नाबरोबर आजारी यात्रेकरूंच्या औषधपाण्याचीही तजवीज केली होती; राजधानीत धन्वंतरी महालाचा दवाखाना आहे, तिकडे चालत या, असा हुकूम सरफोजी राजांनी काढल्याचे ऐकिवात नाही! दक्षिणेसाठी स्वतंत्र पथक व स्वतंत्र सामग्री तंजावरास वा तिरुचिरापल्लीस कायम सज्ज ठेवावी, एवढीच मागणी आहे.

आणि विषय निघालाच आहे तर हेही विचारतो. २०२८ साली येथे कुंभकोणमात महामहमाचा स्नानमेळा आहे. १९९२ च्या महामहमात तलावाकाठच्या चेंगराचेंगरीत सुमारे पन्नास भाविक दगावले. आपले पत्र परदेशच्या तंबूंची छायाचित्रे पहिल्या पानावर छापते, पण या तलावाकाठी त्या दिवशी शस्त्रक्रियेचा तंबू कोठे उभा राहणार, हे विचारायला वार्ताहर केव्हा धाडणार?

— एक तंजावरी महाराष्ट्रीय, कुंभकोणम