फुगडी आणि कृत्रिम गुरुत्व

गेल्या श्रावणांत आर्वीस आमच्या घरीं मंगळागौर होती. फुगडी रंगांत आली असतां आमची दहा वर्षांची नात घेरी येऊन भिंतीशीं टेकली व विचारती झाली, "आजोबा, मला मागें कोण ओढत होतें?" प्रश्न दिसावयास पोरकट, परंतु इतकीं वर्षें मुलांस शिकवूनही आम्हांस तो कधीं सुचला नव्हता, हें कबूल केलें पाहिजे.

वस्तुतः ओढणारें कोणी नसतें. फिरणाऱ्या देहाची धांव सरळ जाण्याकडे असते. सखीचे हात त्यास क्षणोक्षणीं आंत वळवितात, आणि त्या वळविण्याचाच भार अंगास जाणवतो. मध्यबिंदूपासून 1 मीटरवर असलेला देह 2 सेकंदांत एक फेरा घेऊं लागला, तर हा भार जवळ जवळ त्याच्या वजनाइतकाच भरतो. अंतराळांत वजन जाणवत नाहीं, म्हणून यानच चाकासारखें फिरवून असा भार उत्पन्न करावा, ही जी कल्पना, तिलाच कृत्रिम गुरुत्व म्हणतात. पृथ्वीच्या आकर्षणशक्तीचा उल्लेख भास्कराचार्यांनीं शके 1072 मध्येंच केला आहे. ती शक्ति जाणवेनाशी झाल्यास देहाचें काय होईल, हें पाहण्याचा प्रसंग मात्र आपल्या काळीं आला.

वजन हरपलें कीं रक्त डोक्याकडे चढतें, पोटऱ्या वाळतात, आणि कंबरेचें हाड महिन्यास शेंकडा एक ते दीड झिजतें. यासाठीं अंतराळांत जावयासच पाहिजे असें नाहीं, अंथरूणही पुरतें. दोन वर्षांपूर्वीं अंगणांत घसरून आमचा पाय मोडला. डॉक्टरांनीं रोज उठून बसावयास सांगितलें होतें. पण घरच्या मायेनें आम्हांस पांच आठवडे कूसही बदलूं दिली नाहीं! पुढें उभे राहिलों मात्र, डोळ्यांपुढें अंधारी आली. चिरंजीवांनीं खांदा दिला नसता तर दुसराही पाय मोडता.

जर्मनींतील कोलोन येथें 2019 सालीं याच न्यायानें एक प्रयोग झाला. 24 स्त्रीपुरुषांस 60 दिवस, डोके पायांहून खालीं करून, निजविलें. त्यांपैकीं कांहींस रोज अर्धा तास चक्रावर फिरवीत. कोणास सलग, तर कोणास पांच पांच मिनिटें सहा वेळां. फुगडींत पाय मध्याशीं व डोके बाहेर असतें. येथें डोके मध्याशीं व पाय बाहेर, म्हणजे रक्त पायांकडे उतरावें. उपाय नामी खरा, पण अर्ध्या तासाच्या फिरण्यानें देहाची हानि पुरती टळली नाहीं. बंगळूरास वायुसेनेच्या वैद्यकसंस्थेंतही मोठें चक्र आहे. तेथील हेतु निराळा, वैमानिकांस अतिभार सोसण्याची संवय व्हावी हा.

मग रात्रंदिवस फिरत कां राहूं नये? आड येतो तो कान. कानाच्या आंत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. फिरत्या घरांत नुसती मान वळविली तरी त्या भलतीच वार्ता मेंदूस कळवितात, आणि मळमळ सुटते. मिनिटास दोनच फेरे ठेविले तर बहुतेकांस तें सोसतें. पण मग पूर्ण वजन मिळावयास चाकाची त्रिज्या 224 मीटर पाहिजे! हा हिशेब नातीनेंच वहींत करून पाहिला, व एवढ्या व्यासांत आपली सारी आळी मावेल असा निर्णय दिला.

परवां आमच्या वहिनींच्या गुडघ्याचें शस्त्रकर्म झालें. डॉक्टरांनीं दुसऱ्याच दिवशीं त्यांस उभें केलें, तेव्हां "सत्तरीच्या बाईचे हे हाल!" म्हणून घरांत कुरकूर झाली. या खेपेस आम्ही डॉक्टरांच्या बाजूनें भांडलों, आणि पलंगाशेजारीं खुर्ची आणून ठेविली. वहिनी दोन दिवस आमच्याशीं बोलल्या नाहींत. काल मात्र नातीचा हात धरून तुळशीवृंदावनापर्यंत गेल्या. आणि येत्या मंगळागौरीस फुगडीचें काय, असें तिनें विचारतांच तिच्या पाठींत एक धपाटा घातला.