घाम हा मेहनतीचा पुरावा नव्हे

जून लागला की येऊरचा चढ निसरडा होतो, कल्याण-शीळ रस्त्यावर पाणी कुठे आणि खड्डा कुठे हे कळेनासे होते, आणि ठाणे-डोंबिवली-कल्याणच्या सायकली घरात येतात. मागचे चाक ट्रेनरवर चढते, नाहीतर जवळच्या जिममधली स्पिन बाइक धरली जाते. वेळ एकतर पहाटे पाचची, कारण पुढे लोकल गाठायची असते, किंवा रात्री परतल्यावरची. या बंद खोलीतल्या सरावाभोवती एक समज पक्का बसला आहे. रिकाम्या पोटी बसावे, पंखा लावू नये, लादीवर घामाचे डबके साचले की कसरत झाली, आणि घड्याळातली नाडी जितकी वर तितकी मेहनत खरी. माझ्या मते हा समज मुळापासून चुकीचा आहे. त्याने मोजायचे ते मोजले जात नाही आणि शरीराला द्यायचे ते दिले जात नाही.

आधी घाम. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता होते. पेडलवर 150 वॉट उमटत असतील तेव्हा शरीराला सुमारे 500 वॉट उष्णता बाहेर टाकायची असते. रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरने जाताना समोरचा वारा हे काम करतो, घाम ओघळायच्या आत उडून जातो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साधारण 2,400 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, तोच टपटप लादीवर पडला तर शरीर जराही थंड होत नाही. खाडी आणि उल्हास नदीच्या या पट्ट्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज असते, त्यात बाल्कनीला काचा लावून केलेली खोली. तिथले डबके एवढेच सांगते की शरीराची थंड होण्याची धडपड वाया जात आहे. काम किती झाले, याबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

नाडीचे दुखणे जास्त फसवे आहे, कारण तिथे आकडा असतो आणि आकड्यावर आपला पटकन विश्वास बसतो. समजा, कोणी 150 वॉटवर वीस-वीस मिनिटांचे दोन टप्पे केले. पहिल्याच्या शेवटी नाडी 148, दुसऱ्याच्या शेवटी 163. घड्याळ सांगेल की दुसऱ्या टप्प्यात जोर वाढला. वाढला कुठे? पेडलवरचे काम जसेच्या तसे आहे. रक्ताचा काही भाग त्वचेकडे वळला, घामाने रक्तातले पाणी घटले, एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडू लागले, म्हणून हृदयाने ठोके वाढवले. शिवाय कमाल नाडी काढण्याचे ‘220 वजा वय’ हे सूत्र. ते सरासरीचे आहे, माणसाचे नाही. 2001 साली तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेले ‘208 वजा वयाच्या 0.7 पट’ हे सूत्र अधिक नेमके मानतात. पण पंचेचाळिशीच्या माणसाला दोन्ही सूत्रे 175-176 हाच आकडा देतात, आणि प्रत्यक्षात त्याची कमाल नाडी 162 असू शकते किंवा 188. अशा आकड्यावर आखलेले टप्पे एकाला दमवून टाकतील आणि दुसऱ्याला सोपे जातील.

म्हणून नाडी टाकून द्यावी, असे नाही. ती वॉटच्या आणि श्वासाच्या शेजारी ठेवून वाचावी. वॉट सांगतात काम किती झाले, नाडी सांगते शरीराला ते केवढ्याला पडले, आणि दम किती लागला हे आपले आपल्याला कळते. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने श्रमाच्या जाणिवेला 6 ते 20 अशी मोजपट्टी दिली, तीच प्रयोगशाळांतून आजही वापरतात. सोपी कसोटी म्हणजे बोलणे: पूर्ण वाक्ये बोलता आली तर सराव हलका, तीन-चार शब्दांवर दम तुटला तर जोराचा. वॉट तेच असताना नाडी चढत गेली तर खोली, पाणी किंवा अपुरी झोप तपासावी. नाडी वर जातच नाही आणि पाय मात्र जड, असे झाले तर थकवा साचला आहे किंवा पोटात काही गेलेले नाही. तिन्हींचा मेळ जिथे बसत नाही तिथेच खरी माहिती मिळते.

आता रिकामे पोट. रात्रभराच्या झोपेत यकृतातला साखरेचा साठा बराच उतरतो, स्नायूंतला मात्र जवळपास शाबूत राहतो. त्यामुळे पाऊण तासाचा हलका सराव उपाशीपोटी केला तर बिघडत नाही. पण त्यातून वजन जास्त उतरते, हे खरे नाही. सरावादरम्यान चरबीचा वाटा वाढतो, पण आहार सारखा ठेवून महिनाभर पाहिले तेव्हा खाऊन आणि न खाता व्यायाम करणाऱ्यांच्या शरीरातल्या चरबीत फरक आढळला नाही. जोराचे टप्पे मात्र कर्बोदकांवरच चालतात. 2004 सालच्या एका प्रयोगात सायकलपटूंनी कर्बोदकाचे पाणी फक्त तोंडात खळखळून थुंकले, तरी तासाभराच्या शर्यतीत सुमारे 3 टक्के सुधारणा झाली. साखर पोटात गेलीच नव्हती, तोंडातल्या नुसत्या इशाऱ्यावर मेंदूने जोर सोडला. अर्धपोटी असताना तोच मेंदू हात आखडता घेतो. मग ठरलेले वॉट निघत नाहीत, सराव उथळ होतो, आणि दिवसभर वडापाव-फरसाणावर हात मारला जातो.

यासाठी परदेशी जेलची पाकिटे लागत नाहीत. पहाटेच्या जोराच्या सरावाआधी अर्धा तास एक पिकलेले केळे खाल्ले की सुमारे 25 ग्रॅम कर्बोदके मिळतात. रात्री बसायचे असेल तर संध्याकाळी वाटीभर पोहे. सराव तासापलीकडे गेला तर ताशी 30 ते 60 ग्रॅम, आणि ते बाटलीत सहज मावतात: 750 मिलीलिटर पाणी, सपाट दहा चमचे साखर, पाव चमचा मीठ, एक लिंबू. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे-निम्मे असतात आणि शरीर ती दोन वेगळ्या वाटांनी शोषते, त्यामुळे लिंबूसरबत या कामाला चांगलेच आहे. ओआरएस त्याची जागा घेत नाही. त्यात लिटरला 13.5 ग्रॅम ग्लुकोज असते, ते पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी आहे. नुसते पाणी ढोसत राहणेही बरे नव्हे, रक्तातला सोडियम त्याने पातळ होतो. सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करावे. जितके किलो घटले आणि जितके लिटर प्यायले त्यांची बेरीज म्हणजे गेलेला घाम.

यावर पहिला आक्षेप येईल की साखर घातक, घरोघरी मधुमेह आहे. खुर्चीत बसून प्यायलेल्या साखरेबाबत तो रास्तच आहे. पण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर उचलतो, आणि तासभर 150 वॉट म्हणजे सुमारे 540 किलोकॅलरींचा खर्च. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावे, विशेषतः इन्सुलिन चालू असेल तर. दुसरा आक्षेप जाणकारांचा: उष्णतेत सराव केल्याने रक्तातले पाणी वाढते, शरीर सरावते. हे खरे आहे, एक-दोन आठवड्यांत बदल दिसतो. मात्र तो हलक्या जोरावर, ठरवून करायचा सराव आहे. जोराच्या टप्प्यांच्या दिवशी खोली तापवली तर काम घटते. कष्ट सोसल्याशिवाय लांब पल्ला जमत नाही, असेही काही म्हणतात. 2015 साली नाशिकच्या महाजन बंधूंनी पार केलेल्या ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’कडे त्यांनी पाहावे. त्या शर्यतीत स्वाराबरोबर गाडी आणि चमू असतो, आणि त्याला वेळेवर खाऊ-पिऊ घालणे हे त्या चमूचे मोठे काम असते.

उरतो पैशाचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत खरा वाटतो. पॉवर मीटर सगळ्यांना परवडत नाही. पण द्रवाच्या रोधावर चालणाऱ्या साध्या ट्रेनरवर टायरची हवा आणि दाब तोच ठेवला, तर मागच्या चाकाचा वेग वॉटचे काम करतो: आज ताशी 28 म्हणजे कालचे 28. जिममधल्या स्पिन बाइकची रोधाची कळ दर यंत्रागणिक वेगळी, म्हणून शक्यतो रोज तेच यंत्र धरावे आणि कळ किती फिरवली ते लिहून ठेवावे. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीसाठी, साडेतेरा तास मिळतात. त्याची तयारी या साधनांवर, एका वहीवर आणि छातीच्या उंचीला समोरून लावलेल्या टेबलफॅनवर होऊ शकते, आणि ज्याच्याकडे खर्चाला थोडेच पैसे आहेत त्याने पहिला खर्च त्या पंख्यावर करावा.