गुणपत्रिका म्हणजे मुलाची प्रत नव्हे



दहावीचा निकाल लागला की गावात पेढे वाटणारी चार घरे असतात आणि तोंड लपवणारी चाळीस. पंचावन्न टक्केवाल्याचा बाप म्हणतो, 'चल आता वखरामागे.' नव्वद टक्केवाल्याचा बाप पोराला शहरातल्या क्लासला घालून इंजिनिअर करण्यासाठी एकरभर रान विकायला काढतो. दोघांचाही हिशोब चुकतो.

कापसाची प्रत कशी ठरते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एकाधिकार खरेदीच्या काळात एकाच रानातल्या दोन गाड्यांना दोन ग्रेड मिळत. ग्रेडरने मूठभर कापूस हातात घेतला की वर्षाच्या मेहनतीचा निकाल लागला! तेव्हा आपण भांडलो. पोराच्या गुणपत्रिकेपुढे मात्र मुकाट मान घालतो. ज्या शाळेत गणिताला अर्धे वर्ष मास्तरच नाही, तिथले पंचावन्न आणि मुंबईच्या क्लासमधले नव्वद एकाच काट्यावर कसे तोलायचे?

मुंबईचे लालबाग आज गणपतीच्या रांगेमुळे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या आजोबांच्या काळी ते गिरणगाव होते. आपल्या कापसाच्या गाठी तिथल्या गिरण्यांत फुटत. गिरण्यांना यंत्रे जाणणारी माणसे हवी होती, म्हणून शेजारी भायखळ्याला १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती १९२३ साली माटुंग्याला गेली आणि १९९७ पासून तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे. कापूस आपला, पण त्यावर उभ्या राहिलेल्या या विद्येचा दरवाजा आपल्या पोरांना फार उशिरा दिसला.

याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर शिकवायला होते. चित्रकार व्हायचे म्हणून ते जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंग नीट ओळखता येईनात, म्हणून यंत्रांची चित्रे काढायला शिकले आणि त्याच बळावर शिक्षक झाले. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पुढे बेळगावला सायकलींचे दुकान, मग कडबा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. (लोखंडाने जमीन नासते म्हणून तो नांगर घ्यायला आपलेच लोक सुरुवातीला तयार नव्हते, हेही खरे.)

पण किर्लोस्करांकडे पाहून कागदाशिवाय चालते असे कुणी समजू नये. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतल्या कित्येकांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. साचा उलगडून पुन्हा जोडणारी माणसे त्यांत होती. हातात कसब होते, पण ते सांगणारा कागद नव्हता. बाहेरच्या कारखान्याने त्यांना कुशल म्हणून मोजले नाही. कसब आणि कागद दोन्ही एका वेळी हाती येतील, अशी वाट कोरडवाहू घराने धरावी.

ती वाट आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, वेगळी परीक्षा नाही. डिप्लोमाच्या गुणांवर पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, तिथे आणखी तीन वर्षे. बारावी सायन्सच्या वाटेने दोन वर्षे अधिक पदवीची चार, म्हणजे तीही सहाच. फरक असा की डिप्लोमावाल्याच्या हाती तिसऱ्या वर्षीच नोकरीचा कागद येतो. दुष्काळ पडला, बापाचे हातपाय थकले, तर तिथे थांबता येते. बारावीवाल्याला दोन वर्षांनी सीईटीत अपयश आले तर हाती काही नसते. गुण फारच कमी असतील तर दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. वाट लांब आहे, बंद नाही.

ज्याला गणिताची खरीच गोडी आहे त्याने बारावीकडून जरूर जावे. तिथे बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात: भौतिक, रसायन आणि गणित मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४०. खरी निवड सीईटीवर होते. तिच्या २०० गुणांत १०० एकट्या गणिताचे. म्हणून क्लासच्या पाटीवरचे फोटो पाहण्याआधी पोराची गणिताची वही पाहा.

डिप्लोमा सोपा आहे असे मात्र नव्हे. पहिल्या वर्षाचे गणित आणि इंग्रजी पुस्तके यांत मराठी शाळेतली पोरे अडखळतात, विषय मागे राहतात आणि लाजेने घरी येतात. ज्वारी पहिल्या पंधरवड्यात पिवळी दिसली म्हणून आपण लगेच मोडत नाही. पोरालाही एक वर्ष द्या. आणि कॉलेज कोणते? १९८३ नंतर विनाअनुदानित कॉलेजांचे पीक आले. त्यांत चांगलीही आहेत. इमारत पाहू नका. वर्कशॉपमध्ये जा आणि लेथवर धूळ आहे की तेल, ते पाहा. पोरींना या वाटा नाहीत असेही कुठे लिहिलेले नाही.

दरवर्षी गुण असूनही प्रवेश हुकतात ते दाखल्यांपायी. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला यांसाठी निकालानंतर तहसीलला धावण्यात मुदत जाते. ज्यांची मुले यंदा दहावीत आहेत त्यांनी सातबारा, रेशनकार्ड आणि शाळा सोडल्याचा जुना दाखला घेऊन सभेला यावे. जेवणाच्या सुट्टीत मंडपाच्या डाव्या बाजूला कार्यकर्ते अर्ज भरून देतील.