दूध मोजणाऱ्या यंत्राचे गिऱ्हाईक कोण?

खेड्यातील दूध संस्थेच्या टेबलावर वजनकाटा, फॅट काढणारे यंत्र, संगणक आणि पावती छापणारे यंत्र अशी जी जोडणी आज दिसते, ती दुग्धव्यवसायाच्या गरजा समजून घेऊन अभियंत्यांनी खास घडविलेली आहे. या घडणीत सार्वजनिक क्षेत्राचा वाटा मोठा. १९८१ साली जयपूर येथे केंद्र व राजस्थान सरकार यांच्या भागीदारीतून राजस्थान इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी उभी राहिली आणि दुधातील स्निग्धांश मोजणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे तिने सहकारी संस्थांना पुरविली. सरकारी कारखान्यांना ऊठसूट नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

त्यापूर्वी सारी भिस्त गर्बर पद्धतीवर होती. काचनळीत १०.७५ मिलीलिटर दूध, तीव्र गंधकाम्ल आणि थोडे अमाइल अल्कोहोल घालायचे, नळी चक्रयंत्रात फिरवायची आणि वर आलेला स्निग्धांशाचा थर नळीवरील रेघांशी ताडून वाचायचा. काम वेळखाऊ, शिवाय आम्लाने हात भाजण्याची भीती. सकाळच्या रांगेतील शंभर जणांचे दूध असे जागच्या जागी तपासणे अशक्यच होते. यंत्राने ती अडचण दूर केली. तेव्हा यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र गर्बरच्या नळीतील थर उत्पादकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येई. आता त्याला दिसतो तो केवळ आकडा.

हा आकडा येतो कसा? जुन्या धाटणीच्या यंत्रात रसायनाने पातळ केलेल्या दुधातील स्निग्ध कण दाबाखाली बारीक करतात, त्यातून प्रकाश सोडतात आणि गढूळपणावरून हिशेब मांडतात. आजची बरीच यंत्रे श्रवणातीत ध्वनिलहरींवर चालतात. दोन्हींत मिळालेल्या संकेताची टक्केवारी करणारे गणित यंत्राच्या आज्ञावलीत असते. ते गर्बरच्या निकालाशी ताडून, गायीसाठी वेगळे व म्हशीसाठी वेगळे, बसवावे लागते आणि वरचेवर दुरुस्तही करावे लागते. म्हणून दुरुस्तीची सोय यंत्रात ठेवणे अभियंत्याला भागच असते. ती कोणाच्या हाती असावी, हे मात्र तो ठरवीत नाही. यंत्राची मागणी नोंदविणारा ठरवितो.

आणि मागणी नोंदविते डेअरी. तासाला किती नमुने व्हावेत, दरपत्रक कसे बदलता यावे, हिशेब मुख्यालयात कसा पोहोचावा, अशी तिची यादी समोर ठेवून अभियंता कामाला लागतो. ज्याचे दूध मोजले जायचे तो या बैठकीत नसतो. ३.५८ हा आकडा ३.५ धरायचा की ३.६, ही आज्ञावलीतील एका ओळीची बाब. पण ती ओळ कोणी सांगितली हे त्याला कधीच कळत नाही. समजा, एका पॉइंटला लिटरमागे ३० पैसे कापले जातात. दहा लिटर घालणाऱ्याचे रोजचे नुकसान ३ रुपये. तो तक्रारही करणार नाही. दोन हजार लिटरच्या केंद्रावर तीच रक्कम दिवसाला ६०० आणि वर्षाला २ लाख १९ हजार रुपये होते. यात कोणी मुद्दाम चोरी केलीच पाहिजे असे नाही. यंत्र जास्त दाखवू लागले तर तंत्रज्ञ त्याच दिवशी बोलावला जातो. कमी दाखवू लागले तर कोणाला घाई नसते, इतकेच.

महाराष्ट्रातील दूध उत्पादकांच्या संघटनांनी मिल्कोमीटर व वजनकाट्यांच्या तपासणीची मागणी लावून धरली आहे, ती रास्तच आहे. पण तपासनीस वर्षातून एखादा दिवस येणार. उरलेल्या दिवसांची राखण यंत्रातच बांधावी लागेल. प्रत्येक दुरुस्ती तारीख, वेळ, जुना व नवा आकडा यांसह पुसता न येणाऱ्या स्मृतीत नोंदली जावी. पावतीवर दोन दशांश स्थळे आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख छापली जावी. वाद झाल्यास त्याच दुधाची गर्बर चाचणी मागण्याचा हक्क असावा आणि तिचे साहित्य केंद्रावरच ठेवावे. यासाठी कोणताही नवा शोध लागायचा नाही. अडते ते मागणीपत्रात.

गावोगावच्या दूध संस्थांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे मागणीपत्र बदलता येईल. यंत्रखरेदीचा विषय सभेपुढे येईल तेव्हा किमतीच्या तक्त्याबरोबर या अटींची यादीही त्यांनी पटलावर ठेवावी. आणि जनावरांचे सारे करणाऱ्या, पण सभासदत्व नवऱ्याच्या नावावर असल्याने एरवी घरीच राहणाऱ्या बायकांना त्या सभेचे निमंत्रण आधी द्यावे.