एका आलेखात दोन उभे अक्ष नकोत!
जनगणनेचे नवे आकडे येण्याआधी सर्वांना कळकळीचं आवाहन

जिल्हा परिषदेत अहवाल तयार करणारे कर्मचारी, शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक, सोसायट्यांचे सचिव, सामाजिक संस्थांचे कार्यकर्ते, पत्रकार, प्रकल्पवह्या भरणारे विद्यार्थी आणि व्हॉट्सॲपवर आलेला आलेख न पाहता पुढे पाठवणारे आपण सगळे, अशा सर्वांना ही विनंती आहे.

डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा असे दोन उभे अक्ष घालून दोन वेगळ्या गोष्टींच्या रेघा एकाच आलेखात काढणं आजपासून थांबवा. असा आलेख समोर आला, तर मूळ तक्ता पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका आणि तो पुढे पाठवू नका.

एवढी घाई कशासाठी, असं कुणीही विचारेल. २०११ नंतर आपल्या देशात जनगणना झालेली नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिनांक देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ ठरला आहे. म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी साक्षरता, लोकसंख्या, स्त्री-पुरुष प्रमाण यांचे ताजे आकडे हाती येतील. ते आले की गावोगावच्या संगणकांवर आणि मोबाइलवर आलेखांचं पेव फुटेल. जो आलेख आधी फिरतो, तोच डोक्यात बसतो. मागाहून खुलासे करून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून जे सांगायचं, ते आकडे येण्याआधीच सांगायला हवं.

सहा आकडे, चार निष्कर्ष

उदाहरण घरचंच घेऊ. जनगणनेनुसार महाराष्ट्राची साक्षरता १९९१ मध्ये ६४.९ टक्के, २००१ मध्ये ७६.९ टक्के आणि २०११ मध्ये ८२.३ टक्के होती. शून्य ते सहा वर्षं वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली याच तीन वर्षी अनुक्रमे ९४६, ९१३ आणि ८९४ होत्या. आकडे एवढे सहाच आहेत. ते एक्सेलमध्ये भरा, रेषालेख काढा आणि मुलींची रेघ दुय्यम अक्षावर टाका.

आता डावा अक्ष ६० ते ८५ ठेवा आणि उजवा ८९० ते ९५०. साक्षरतेची रेघ वर चढते, मुलींची धाडकन खाली येते आणि मधोमध ठसठशीत फुली पडते. दोन्ही रेघा १९९८ च्या सुमारास एकमेकींना छेदतात. पाहणारा लगेच विचारतो, ‘अठ्ठ्याण्णव साली असं झालं तरी काय?’

डावा अक्ष तसाच राहू द्या, उजवा फक्त ८०० ते ९५० करा. फुली सरकून २००३ वर जाते. आता दोन्ही अक्ष शून्यापासून घ्या, डावा शंभरपर्यंत आणि उजवा हजारापर्यंत. फुली नाहीशीच होते आणि रेघा कुठेही भेटत नाहीत. चौथा प्रकारही आहे. एक्सेलमध्ये उजवा अक्ष उलटा करण्याची सोय आहे. ती वापरली की मुलींची घटती रेघ साक्षरतेसोबत वर चढायला लागते, आणि घाईत पाहणाऱ्याला वाटतं की दोन्ही बाबतींत प्रगतीच आहे.

यात एकही आकडा खोटा नाही. बदलल्या त्या फक्त अक्षांच्या सीमा, आणि त्या ठरवल्या आलेख काढणाऱ्याने. १९९८ किंवा २००३ साली महाराष्ट्रात टक्के आणि दर हजारी मुली यांची गाठ पडलेली नाही. ती पडूच शकत नाही, कारण दोन्ही मोजमापं वेगळी आहेत. पण एकदा का फुली दिसली, की ‘साक्षरता वाढली म्हणून मुली घटल्या’ हे वाक्य आलेखावर छापायची गरज उरत नाही. पाहणारा ते स्वतःच तयार करतो.

आणि ते वाक्य टिकत नाही. २०११ च्याच जनगणनेत बीड आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास होती. पण बीडमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७, आणि गडचिरोलीत ९६० च्या घरात. मुंबई उपनगरची साक्षरता बीडपेक्षा कितीतरी जास्त, तरी तिथे दर हजारी मुलीही बीडपेक्षा जास्तच. मुली घटल्या त्यामागे मुलगाच हवा हा हट्ट होता आणि त्याला सोनोग्राफीची साथ मिळाली. हे ओळखूनच महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. दोन रेघांच्या फुलीत यातलं काहीही दिसत नाही. उलट मुलींच्या शिक्षणावर नाक मुरडणाऱ्याच्या हाती आयतं कोलीत मिळतं.

दोष माणसाचा, पण मदत यंत्राची

असे आलेख काढणारे बहुतेकजण लबाड नसतात. त्यांना एक खरी अडचण असते. साक्षरतेचा आकडा शंभरच्या आत आणि मुलींचा हजाराजवळ, त्यामुळे एकाच अक्षावर साक्षरतेची रेघ तळाला चिकटते. मग कुणीतरी सांगतं, ‘रेघेवर राइट क्लिक करा, फॉरमॅट डेटा सिरीजमध्ये जा, सेकंडरी ॲक्सिसवर टिचकी मारा.’ गूगल शीट्समध्ये राइट ॲक्सिस आहे, लिब्रेऑफिसमध्ये सेकंडरी वाय ॲक्सिस आहे. काही वेळा तर एक्सेल स्वतःहूनच शिफारस केलेल्या आलेखांत दोन अक्षांचा आलेख पुढे करतं.

त्यानंतर यंत्र प्रत्येक अक्षाच्या सीमा स्वतंत्रपणे ठरवतं. एका मालिकेतले आकडे एकमेकांच्या जवळ असले, तर तो अक्ष शून्याऐवजी वरच कुठेतरी सुरू होतो, आणि दुसरा मात्र शून्यापासून. आडव्या रेषा साधारणपणे डाव्या अक्षाच्याच असतात. उजव्या आकड्यांशी त्या जुळतीलच असं नाही, तरी डोळा त्याच रेषांवरून उजवे आकडे वाचतो. दोन्ही मालिका स्तंभांनी दाखवल्या तर दुय्यम अक्षावरचे स्तंभ पहिल्यांच्या पुढ्यात येऊन त्यांना झाकतात.

शाळेत आलेखकागदाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहिलं नाही तर गुण कापले जायचे. तो धडा बरोबर होता. एक सेंटीमीटर म्हणजे किती, हे कळल्याशिवाय चढ मोठा की लहान ते कळत नाही. दोन अक्षांच्या आलेखात अशी दोन प्रमाणं असतात, ती एकमेकांशी बांधलेली नसतात, आणि ती का निवडली हे कुणी लिहीत नाही.

अक्षच गाळले, तर कहरच

हा खेळ कुठवर जाऊ शकतो याचा पुरावा अमेरिकी संसदेच्या नोंदीत आहे. २९ सप्टेंबर २०१५ रोजी तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या एका समितीसमोर ‘प्लॅन्ड पॅरेंटहुड’ या आरोग्यसंस्थेची सुनावणी चालू होती. समितीचे अध्यक्ष जेसन चॅफेट्झ यांनी पडद्यावर एक आलेख दाखवला. संस्थेने केलेल्या कर्करोग तपासण्या २००६ मधल्या सुमारे २० लाखांवरून २०१३ मध्ये सुमारे ९ लाख ३५ हजारांवर आल्या होत्या. त्याच काळात गर्भपात सुमारे २ लाख ९० हजारांवरून ३ लाख २७ हजारांवर गेले होते. तपासण्यांचा बाण खाली, गर्भपातांचा वर, आणि मध्ये फुली.

उभा अक्ष तर एकही नव्हता. त्यामुळे ३ लाख २७ हजार हा आकडा ९ लाख ३५ हजारांच्या वर बसला होता. आलेख गर्भपातविरोधी संघटनेने तयार केला होता. गर्भपाताबद्दल कुणाचं मत काहीही असो, तीन लाख नऊ लाखांपेक्षा उंच दिसत असतील तर तो आलेख फाडूनच टाकायला हवा. एका प्रमाणावर काढले असते, तर तपासण्या घटल्याचं ठळक दिसलं असतं, गर्भपात किंचित वाढल्याचं दिसलं असतं, आणि फुली पडलीच नसती.

मग दोन गोष्टी एकत्र दाखवायच्या कशा?

एक, दोन आलेख काढा आणि एकाखाली एक ठेवा. आलेखाची प्रत काढा, एकातून एक मालिका काढून टाका, दुसऱ्यातून दुसरी. दोन्हींची रुंदी सारखी ठेवा, म्हणजे वर्षं वर्षांखाली येतील. मुलींच्या आलेखात ९५० वर एक आडवी तुटक रेघ द्या, कारण निसर्गतः हे प्रमाण साधारण तेवढं असतं. मग ८९४ म्हणजे काय, हे कुणालाही कळेल. हा आलेख शून्यापासून सुरू करण्याचा हट्ट मात्र धरू नका. शून्यापासून काढला तर ९४६ वरून ८९४ ही घसरण जवळजवळ सपाट दिसते, आणि इतक्या मुलींचं नसणं झाकलं जातं. स्तंभ असतील तर शून्य हवंच. रेघ असेल तर अक्ष कुठून सुरू होतो ते ठळक लिहा.

दोन, कशात किती टक्के बदल झाला हेच सांगायचं असेल, तर पहिल्या वर्षाला १०० धरून निर्देशांक काढा. आपल्या उदाहरणात साक्षरता १०० वरून १२७ वर जाते आणि मुलींचं प्रमाण १०० वरून ९४.५ वर येतं. अक्ष एकच राहतो.

तीन, एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आहे का, हाच प्रश्न असेल तर ठिपक्यांचा आलेख काढा, ज्याला एक्सेलमध्ये स्कॅटर म्हणतात. आडव्या अक्षावर साक्षरता, उभ्यावर मुलींचं प्रमाण, आणि प्रत्येक जिल्ह्याचा एक ठिपका. बीड आणि गडचिरोली तिथे जवळजवळ एकाच उभ्या रेषेत, पण एक तळाला आणि एक माथ्यावर दिसतील.

आणि चार, आकडे सहाच असतील तर तक्ता द्या. तक्ता दिल्याने कुणाचा कमीपणा होत नाही.

अपवाद कोणते?

दुसरा अक्ष पहिल्याशी ठरावीक गणिताने बांधलेला असेल तर हरकत नाही. एकीकडे सेल्सिअस आणि दुसरीकडे फॅरनहाइट ही एकाच तापमानाची दोन लेखनं आहेत. कारखान्यात दोषांची वर्गवारी करणारा पॅरेटो आलेखही चालतो, कारण डावीकडची एकूण संख्या आणि उजवीकडचे शंभर टक्के एकाच उंचीवर असतात. पाऊस आणि तापमान एकत्र दाखवणारा वॉल्टर-लीथ हवामान आलेखही याच जातीचा. त्यात १० अंश सेल्सिअससमोर २० मिलिमीटर पाऊस, असं नातं आधीच पक्कं केलेलं असतं. त्यामुळे पावसाची रेघ तापमानाखाली गेली की कोरडा काळ, हे म्हणायला आधार असतो. संख्याशास्त्रज्ञांच्या वापरातल्या ‘जीजीप्लॉट२’ या आलेखप्रणालीने तर दुसरा मोकाट अक्ष वर्षानुवर्षं नाकारला, आणि २०१६ मध्ये तो दिला तोही याच अटीवर: पहिल्या अक्षावरून सूत्राने निघत असेल तरच.

आपल्या आलेखाला ही कसोटी लावा. उजवा अक्ष डाव्यापासून कोणत्या सूत्राने आला, हे एका वाक्यात सांगता येत असेल तर ठेवा. नाहीतर काढून टाका.

आपण काय करायचं?

१. आलेख काढणाऱ्यांनो, आपल्या जुन्या फायली उघडा. दुय्यम अक्ष असलेले आलेख मोडून दोन-दोन करा. पुढच्या अहवालात तेच वापरा.

२. जनगणनेच्या आलेखात आडवा अक्षही तपासा. २००१, २०११, २०२७ ही वर्षं एक्सेलने नुसती नावं म्हणून मांडली, तर दहा वर्षं आणि सोळा वर्षं यांत सारखंच अंतर पडेल आणि चढ खोटा दिसेल.

३. ग्रामसभेत आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तीन प्रश्न मोठ्याने विचारा: दोन्ही अक्ष कुठून सुरू होतात? रेघा छेदतात तिथे प्रत्यक्षात काय घडलं? मूळ तक्ता कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत त्या आलेखाच्या आधारावर ठराव मंजूर करू नका.

४. संपादकांनो, दोन मोकळ्या अक्षांचा आलेख छापायला देऊ नका. बातमीदाराकडे आकडे मागा.

५. शिक्षकांनो, एक तासिका याला द्या. वरचे सहा आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना त्यांतून हवी तिथे फुली पाडून दाखवायला सांगा. ज्याने स्वतः फुली पाडली आहे, तो दुसऱ्याच्या फुलीला सहज भुलणार नाही.

आकडे आपल्या सर्वांचे आहेत. दारोदार फिरून प्रगणक ते गोळा करतात, आणि त्यांवरून शाळा, दवाखाने, पाणी यांचे निर्णय होतात. ते आकडे कुणाच्या सोयीच्या फुलीत अडकू द्यायचे नसतील, तर कामाला आत्ताच लागा. आज संध्याकाळी तुमच्या गटावर दोन अक्षांचा जो पहिला आलेख येईल, त्याखाली एवढंच लिहा: ‘मूळ तक्ता पाठवा.’